भाड्याच्या हिशेबातून पाहिलेले जग: जहाजमालक-खासदार विल्यम लिंडसे

११ एप्रिल १८६२ रोजी विल्यम शॉ लिंडसे नावाचे एक ब्रिटिश जहाजमालक पॅरिसमध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या भेटीला गेले. ते ब्रिटनचे राजदूत नव्हते, मंत्री नव्हते, सरकारने त्यांना पाठवलेही नव्हते. ते संडरलंड या बंदराच्या मतदारसंघातून निवडून आलेले एक खासदार होते, आणि अमेरिकेतील यादवी युद्धात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून हस्तक्षेप करावा, असा विषय त्यांनी सम्राटासमोर काढला. सम्राटाने त्यांचे म्हणणे मन लावून ऐकले. त्याच आठवड्यात त्यांची पुन्हा भेट झाली, आणि तिथे ऐकलेले घेऊन लिंडसे लंडनला परतले. परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांनी मात्र तो निरोप स्वीकारायला नकार दिला. परक्या सम्राटाला ब्रिटिश सरकारशी काही बोलायचे असेल तर त्यासाठी राजदूत आहेत, एवढेच त्यांचे उत्तर होते.

जहाजांच्या भाड्यावर पैसा कमावलेला माणूस दोन साम्राज्यांच्या मधोमध जाऊन उभा कसा राहतो, हे समजून घ्यायचे तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटनमध्ये समुद्र, व्यापार आणि संसद यांची सांगड कशी होती ते पाहावे लागते. लिंडसे यांचे आयुष्य त्यासाठी फार सोयीचे आहे, कारण त्यांनी ही व्यवस्था अगदी तळातून, म्हणजे कोळशाच्या ढिगाऱ्यातून, पाहायला सुरुवात केली होती.

त्यांचा जन्म १८१५ च्या अखेरीस स्कॉटलंडमधील एअर या गावी झाला आणि लहान वयातच ते पोरके झाले. १८३१ मध्ये खिशात साडेतीन शिलिंग घेऊन मुलगा घराबाहेर पडला. लिव्हरपूलला जायला बोटीचे भाडे नव्हते, म्हणून त्याने ते कष्टाने फेडले: बोटीवर कोळसा सारखा करण्याचे काम केले. हे काम म्हणजे एका बाजूला पडलेला कोळशाचा ढीग फावड्याने ओढून सगळीकडे समान पसरवणे. कोळसा एका कुशीला साचला तर बोट कलते, म्हणून ते करावेच लागते आणि तळघरासारख्या अंधारात, धुळीत करावे लागते. लिव्हरपूलला पोहोचल्यावरही काम मिळेना. सात आठवडे गेले, त्यांतले चार त्याने शेडमध्ये आणि रस्त्यावर झोपून, भीक मागून काढले. अखेर ‘इझाबेला’ नावाच्या, वेस्ट इंडीजच्या वाटेवरील जहाजावर पोऱ्या म्हणून त्याला घेतले गेले.

यापुढची नऊ वर्षे कादंबरीत घातली तर संपादक थोडी कापायला सांगेल. १८३४ मध्ये जहाज फुटले, त्यात दोन्ही पाय आणि एक हात मोडला. तरीही हा मुलगा समुद्रावर परतला, वरच्या जागा चढत गेला आणि विशी गाठता गाठता ‘ऑलिव्ह ब्रँच’ या जहाजाचा कप्तान झाला. १८३९ मध्ये इराणच्या आखातात एका शत्रूजहाजाशी गाठ पडली, छातीवर तलवारीचा वार बसला, आणि वार करणाऱ्याला त्याने पिस्तुलाने मारले. १८४० मध्ये त्याने समुद्र सोडला. तेव्हा तो पंचविशीतही नव्हता.

इथून पुढचा भाग कमी थरारक आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. १८४१ मध्ये लिंडसे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे कॅसल ईडन कोळसा कंपनीचे एजंट झाले. हार्टलपूलला स्वतंत्र बंदराचा दर्जा मिळावा म्हणून झालेल्या खटपटीत ते पुढे होते. हा दर्जा म्हणजे नुसता मान नव्हे. स्वतंत्र बंदर नसेल तर जहाजाच्या नोंदीसाठी आणि जकातीच्या कागदांसाठी शेजारच्या मोठ्या बंदराच्या कचेरीवर अवलंबून राहावे लागे, आणि जहाज धक्क्याला नुसते उभे राहिले तरी मालकाचा खर्च चालूच असतो. १८४५ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथे डब्ल्यू. एस. लिंडसे आणि कंपनी या पेढीचा पाया घातला, जी पुढे जगातील मोठ्या जहाजमालक पेढ्यांमध्ये गणली गेली.

अशा पेढीचा धंदा नेमका कोणता, हे नीट समजले पाहिजे, कारण पुढचे सगळे राजकारण त्यातूनच आले. एका व्यापाऱ्याकडे माल असतो, दुसऱ्याकडे जहाज असते. दोघांची गाठ घालून देणारा तो दलाल. जहाज एका खेपेसाठी किंवा काही महिन्यांसाठी भाड्याने ठरवून देणे हे त्याचे काम. लिंडसे दलालही होते आणि स्वतः जहाजमालकही. दोन्ही भूमिकांतील माणसाची झोप एकाच प्रश्नाने उडते: परतीच्या खेपेला भरती काय मिळणार? समजा, जहाज न्यूकॅसलचा कोळसा भरून एखाद्या परदेशी बंदरात गेले. तिथे परतीचा माल मिळाला तर दोन्ही बाजूंचे भाडे सुटते. नाही मिळाला तर तळाशी वाळू-दगड भरून, म्हणजे फुकट वजन वाहत, परत यावे लागते, आणि खलाशांचा पगार, शिधा, विमा हे सगळे एकाच बाजूच्या भाड्यातून भागवावे लागते. जो कायदा, जो जकातदार किंवा जे युद्ध परतीची भरती हिरावून घेते, ते अशा माणसाच्या नजरेला सर्वांत आधी खुपते.

त्या काळचा असा सर्वांत मोठा कायदा म्हणजे नौकानयन कायदे. पहिला कायदा १६५१ चा, क्रॉमवेलच्या काळातला. पुढे त्यात भर पडत गेली. मूळ कल्पना साधी होती: ब्रिटनचा व्यापार ब्रिटिश जहाजांनीच करावा, जहाजावर कप्तान आणि तीनचतुर्थांश खलाशी ब्रिटिश असावेत, म्हणजे डच आणि इतर स्पर्धक बाहेर राहतील आणि युद्धाच्या वेळी आरमाराला तयार खलाशी मिळतील. पण दोनशे वर्षांत या नियमांचा असा गुंता झाला की फ्रान्सच्या हाव्र बंदरात पडून असलेला अमेरिकन कापूस समोरच्या इंग्लंडमधील गिरण्यांना वापरण्यासाठी सरळ आणता येत नसे, कारण अमेरिकेचा माल युरोपातील बंदरातून वळून येणे कायद्यात बसत नव्हते. १८४९ मध्ये संसदेने हे कायदे रद्द केले, १८५० च्या आरंभापासून परकी जहाजांना दार उघडले, आणि १८५४ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरील बंदराबंदरांमधला व्यापारही खुला झाला. बहुतेक जहाजमालकांनी आधी कडाडून विरोध केला होता. आपण बुडणार अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात ब्रिटिश जहाजांची संख्या आणि वजनक्षमता वाढतच गेली.

या कायद्यांतील एक बारकावा कोकणातल्या वाचकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. हिंदुस्थानी खलाशी, ज्यांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत, ते ब्रिटिश सरकारचे प्रजाजन असूनही जुन्या नियमांनुसार ‘ब्रिटिश खलाशी’ म्हणून मोजले जात नसत. तीनचतुर्थांशाच्या हिशेबात त्यांची गणना शून्य. १८४९ च्या बदलाने ती अडचण दूर झाली. पुढे रत्नागिरीकडचे खलाशी पी अँड ओ कंपनीच्या बोटींच्या डेकवर आणि गोव्याचे लोक त्याच बोटींच्या भोजनगृहांत मोठ्या संख्येने दिसू लागले, त्यामागे इतर कारणे बरीच आहेत, पण कायद्याने उघडलेली ही फट त्यांपैकी एक होती. अर्थात, मालकांनी त्यांना घेतले ते समतेच्या प्रेमापोटी नव्हे. त्यांचा पगार गोऱ्या खलाशापेक्षा पुष्कळ कमी असे.

लिंडसे या वादात १८४९ मध्येच वृत्तपत्रीय पत्रे लिहून उतरले होते. संसदेत जाण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न १८५२ मधला. एप्रिलमध्ये मॉनमथला आणि जुलैमध्ये डार्टमथला ते उभे राहिले आणि दोन्हीकडे पडले. मार्च १८५४ मध्ये टाइनमथ येथून ते निवडून आले. त्या काळच्या निवडणुकीचे चित्र आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर नसते, म्हणून थोडे सांगतो. मत गुप्त नव्हते. मतदार सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव घेई आणि ते नोंदले जाई. गुप्त मतदान १८७२ मध्ये आले. त्यामुळे कुळाने जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिले तर ते संध्याकाळपर्यंत जमीनदाराच्या कानी जाई. खासदाराला पगार नव्हता, तो १९११ पासून मिळू लागला. १८५८ पर्यंत तर उमेदवारापाशी ठरावीक मालमत्ता असणेही सक्तीचे होते. याचा अर्थ असा की रस्त्यावर झोपलेला पोरगा संसदेत पोहोचला हे खरे, पण तो आधी श्रीमंत झाला म्हणूनच पोहोचला. टाइनमथची लढत मोठ्या जमीनदारांच्या वजनाविरुद्ध होती, आणि तिथे बंदरावरचा, समुद्रातून वर आलेला माणूस मतदारांना आपला वाटला.

ते संसदेत बसले आणि त्याच महिन्यात ब्रिटन रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात उतरले. हे युद्ध काळ्या समुद्राच्या पलीकडे, म्हणजे जहाजांवर अवलंबून राहून लढायचे होते, आणि सरकारने खाजगी जहाजे भाड्याने घेतली. भाडे जहाजाच्या टनांवर, दरमहा. जहाज माल वाहो की बालाक्लाव्हाच्या चिंचोळ्या खाडीत नांगर टाकून उभे राहो, मीटर चालूच. औषधे दारूगोळ्याच्या खाली गाडली गेली आणि हवी तेव्हा काढता आली नाहीत. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात ‘प्रिन्स’ हे जहाज सैन्याच्या थंडीच्या कपड्यांसह बुडाले. ज्याने स्वतः जहाजाच्या तळाशी माल रचला आहे, अशा खासदाराला हे सगळे ऐकवणे सरकारला अवघड गेले. आरमारी खात्याच्या वाहतूक व्यवस्थेवर लिंडसे यांनी सातत्याने टीका केली, आणि मे १८५५ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी प्रशासन सुधारणेसाठी जी संघटना काढली तिच्यातही ते आघाडीवर राहिले. सरकारी खाती चांगल्या पेढीसारखी चालवावीत, वशिल्याने नव्हे तर लायकीने माणसे नेमावीत, असा तिचा सूर होता. संघटना फार काळ टिकली नाही. माझ्या मते तिचा दोष हा की सरकार आणि पेढी यांत फरक काय, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाच नाही. तरी टीका मात्र बिनबुडाची नव्हती.

स्वतःच्या धंद्यात लिंडसे यांचा एक मोठा डाव फसला, आणि तो का फसला हे पाहण्यासारखे आहे. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो, पण विषुववृत्ताजवळ वारा पडला की ते आठवडेच्या आठवडे तसेच डुलत राहते. पूर्ण आगबोट वेळेवर जाते, पण त्या काळची इंजिने इतका कोळसा खात की लांबच्या प्रवासात निम्मी जागा कोळशानेच अडे. मधला मार्ग म्हणून शिडाच्या जहाजात छोटे इंजिन आणि पाण्याखाली पंखा बसवायचा: वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा वाफ. १८५० च्या दशकाच्या मध्यात लिंडसे यांनी अशा जहाजांवर भरवसा ठेवून डार्टमथहून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप मार्गे कलकत्त्यापर्यंत टपालसेवा चालवली. कागदावर हिशेब चोख होता. समुद्रात ते जहाज शिडाच्या जहाजाइतके स्वस्त निघाले नाही आणि आगबोटीइतके वक्तशीरही नाही. सेवा लवकरच बंद पडली. एकच वाफ दोनदा वापरून कोळशाची खरी बचत करणारी संयुक्त इंजिने लांब पल्ल्याच्या आगबोटींत १८६० च्या दशकात आली, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर केपची वाटच अशा आगबोटींसाठी आडवळणाची ठरली.

१८५९ मध्ये ते संडरलंडचे खासदार झाले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेला गेले. हेतू पुन्हा भाड्याचाच होता. ब्रिटनने आपला किनारी व्यापार अमेरिकनांना खुला केला होता, पण अमेरिका तसे करायला तयार नव्हती. इतकेच नव्हे, तर न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून कॅलिफोर्नियाला जाणे, म्हणजे अर्धी पृथ्वी पालथी घालणे, हाही तिच्या लेखी ‘किनारी’ व्यापार होता आणि परकी जहाजांना बंद होता. लिंडसे यांना त्यात यश आले नाही. काही महिन्यांतच गुलामगिरी असलेली दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि त्या देशाची दोन शकले झाली.

आता पॅरिसच्या भेटीकडे परत येऊ. १९ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडील बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. नाकेबंदी म्हणजे शत्रूच्या बंदरांसमोर युद्धनौका उभ्या करून कोणालाही आत-बाहेर जाऊ न देणे. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने ठरवले होते की नाकेबंदी तिऱ्हाइतांवर बंधनकारक व्हायची तर ती खरोखर परिणामकारक असली पाहिजे, नुसती कागदावरची चालणार नाही. अमेरिकेचा दक्षिणी किनारा साडेतीन हजार मैलांचा, आणि सुरुवातीला उत्तरेच्या नौका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हा ही नाकेबंदी कागदीच आहे, ती मानण्याचे ब्रिटनला कारण नाही, असे म्हणणारा एक वर्ग लंडनमध्ये तयार झाला, आणि लिंडसे त्यात अग्रभागी होते. त्यांची कारणे उघड होती. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चारपंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. दक्षिणेला खुला व्यापार हवा होता, तर उत्तरेने १८६१ मध्येच आयात जकात वाढवली होती. इंग्लंडच्या कापडगिरण्यांचा मुलूख असलेल्या लँकशायरमध्ये गिरण्या बंद पडत होत्या. सगळा हिशेब दक्षिणेच्या बाजूने झुकत होता.

या हिशेबात गुलामगिरीला रकाना नव्हता. लिंडसे यांचे मित्र आणि खुल्या व्यापाराचे मोठे पुरस्कर्ते रिचर्ड कॉब्डन हे मात्र उत्तरेकडे झुकले होते. अर्थशास्त्र दोघांचे एकच, म्हणजे केवळ त्या शास्त्राने लिंडसे दक्षिणेकडे ओढले गेले असे म्हणता येत नाही. ३१ डिसेंबर १८६२ रोजी, उद्यापासून बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त होणार अशा दिवशी, मँचेस्टरमध्ये कामगारांची मोठी सभा भरली आणि तिने लिंकन यांना पाठिंबा कळवला. सगळेच कामगार तसे नव्हते, हेही खरे. पण कापूस नाही म्हणून ज्यांची चूल थंडावली होती त्यांच्यातल्या पुष्कळांना जे दिसत होते ते जहाजमालकाला दिसले नाही.

१८ जुलै १८६२ रोजी लिंडसे यांनी संसदेत मध्यस्थीचा ठराव मांडला. इथे दोन शब्दांतला फरक महत्त्वाचा. ब्रिटनने मे १८६१ मध्ये तटस्थता जाहीर करून दक्षिणेला ‘युद्धातील पक्ष’ मानलेच होते; त्याने दक्षिणेच्या नौकांना लढाऊ नौकांचे हक्क मिळाले. ‘राष्ट्र’ म्हणून मान्यता ही पुढची पायरी, आणि ती दिली असती तर उत्तरेशी युद्धाचा धोका होता. पंतप्रधान पामर्स्टन यांनी हा निर्णय सरकारवर सोडा असे सांगितले आणि ठराव मताला न टाकता मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी, जून १८६३ मध्ये, लिंडसे हे खासदार रोबक यांना घेऊन फाँतेनब्लो येथे पुन्हा सम्राटाला भेटले. रोबक यांनी परत येऊन सम्राटाशी झालेले बोलणे सभागृहात उघड केले, फ्रेंच बाजूने ते तसे नव्हतेच असे म्हटले गेले, दोघांचे हसे झाले, आणि तोही ठराव जुलैमध्ये मागे घ्यावा लागला.

हे सगळे चालू असताना मुंबईत काय होत होते? लँकशायरला कापूस हवाच होता, तेव्हा त्याची नजर हिंदुस्थानकडे वळली. आखूड धाग्याच्या या ‘सुरती’ कापसाला तिथले कामगार इतके कंटाळले की ‘देवा, कापूस दे, पण सुरती नको’ अशी प्रार्थना ते करीत, असा किस्सा सांगतात. पण किंमत मिळत होती. वऱ्हाड-खानदेशचा कापूस कुलाब्याच्या मैदानात गठ्ठ्यांनी येऊन पडत होता, पैशाला वाट फुटत नव्हती, बॅक बे भरून काढण्याच्या कंपनीच्या समभागांवर शहर जुगार खेळत होते, आणि कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका चालत होत्या. लिंडसे यांचा ठराव १८६२ मध्ये मान्य होऊन नाकेबंदी मोडली असती, तर अमेरिकन कापूस लिव्हरपूलला पोहोचला असता आणि मुंबईचा फुगा फुगण्याआधीच बसला असता. तो बसला १८६५ मध्ये. एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, भाव कोसळले, १ जुलैला वायद्यांचा निकाल लागायचा दिवस उजाडला आणि एकामागून एक पेढ्या बुडाल्या. मुंबईतल्या ज्या व्यापाऱ्यांनी लिंडसे हे नाव बहुधा कधी ऐकलेही नसेल, त्यांचे नशीब तीन वर्षे लिंडसे यांच्या अपयशावर तरले होते.

या युद्धाने त्यांच्या एका जुन्या धास्तीचाही परस्पर निकाल लावला. अमेरिकन जहाजे ब्रिटिशांचे भाडे पळवतील, ही १८४९ पासूनची भीती. पण बर्कनहेडला बांधलेल्या ‘अलाबामा’सारख्या दक्षिणी नौकांनी उत्तरेची व्यापारी जहाजे जाळली, विम्याचे दर वाढले, अमेरिकन मालकांनी जहाजे परक्या निशाणाखाली विकून टाकली, आणि भाडे ब्रिटिश जहाजांकडे गेले. ‘अलाबामा’ला सुटू दिल्याबद्दल १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली, ती जहाजमालकांनी नव्हे, खजिन्याने भरली.

तब्येत ढासळल्यामुळे लिंडसे यांनी १८६५ मध्ये संसद सोडली. थेम्स नदीकाठच्या शेपर्टन येथील वाड्यात बसून त्यांनी व्यापारी नौकानयनाचा चार खंडांचा इतिहास लिहिला, जो १८७४ ते १८७६ या काळात छापून आला. प्राचीन काळातील गलबतांपासून स्वतःच्या काळातील आगबोटींपर्यंतचा हा पसारा शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने उभा केला, आणि त्या विषयाचे अभ्यासक तो आजही उघडतात. २८ ऑगस्ट १८७७ रोजी शेपर्टनमध्येच त्यांचे निधन झाले.

त्या गावात रेल्वे आणण्याच्या खटपटीतही ते होते. १८६४ मध्ये गाडी शेपर्टनपर्यंत आली. पुढे नदी ओलांडून चर्टसीपर्यंत न्यायचा बेत होता, तो राहून गेला. लंडनहून येणारी गाडी आजही शेपर्टनलाच थांबते आणि तिथूनच परत फिरते.